वाघमारेंच्या शेजारची जागा

स्टुटगार्टच्या रिकाम्या बसमध्ये रुमाल टाकून जागा धरणारा माणूस एकच, आमचे वाघमारे. बसमध्ये चिटपाखरू नसतं, तरी हे खिडकीशी बसतात आणि शेजारच्या सीटवर चौकड्यांचा रुमाल अंथरतात. एकदा एका जर्मन आजींनी तो उचलून, कुणाचा तरी हरवलाय म्हणून, ड्रायव्हरकडे जमा केला होता.

माणूस नांदेडचा, आमच्या ऑफिसात गिअरबॉक्सचा इंजिनिअर. पगार उत्तम. पण सुट्टीत लोक आल्प्सला जातात, हे मध्य अमेरिकेत जाऊन लोकल बसने एकेका देशाची हद्द ओलांडतात. का, म्हणून विचारलं की, "गेनाऊ, अगदी बरोबर, आपली एसटीच आहे हो ती!" झालं उत्तर.

निघण्याआधी दरवर्षी लेकीला विचारतात, येतेस का. घटस्फोटानंतर प्रज्ञा आईकडे न्युरेम्बर्गला असते. मराठी सगळं कळतं, पण व्हॉट्सअॅपवर उत्तर जर्मनमध्ये येतं, "माल शाउएन." म्हणजे बघू. त्या बघूवर हा गृहस्थ वर्ष काढतो. गेल्या खेपेलाही बघूच आलं, तेव्हा त्यांनी मला गळ घातली. मी हो कसं म्हणालो, मलाच ठाऊक नाही.

ग्वातेमालातून होंडुरासमध्ये जायचं, एवढंच मला सांगितलं होतं. हद्दीवर एका खिडकीत पासपोर्टवर शिक्का मिळाला. पुढच्या खिडकीवरचा साहेब जेवायला गेलेला. मधल्या रस्त्यावर एक बाई केळी तळत होती.

"अहो, आत्ता आपण कुठल्या देशात आहोत?"

"आल्झो, म्हणजे बघा, त्या देशातून निघालोय."

"आणि या देशात?"

"अजून आलो नाही. केळी खा."

मी खाल्ली. दुसरं काय करणार.

साहेब आला, शिक्का झाला. पलीकडे अमेरिकेतल्या शाळेची जुनी बस रंगीबेरंगी होऊन उभी होती. वाघमारे धावले आणि खिडकीतून रुमाल आत फेकला. आत बसलेल्या एका बाईंनी तो झटकला, घडी घातली आणि हसून परत दिला. यांनी पुन्हा फेकला. त्यांनी पुन्हा दिला. शेवटी हे आत घुसले, खिडकीशी बसले आणि स्वतःच्या हाताने तो शेजारच्या सीटवर ठेवला.

मी टेकायला गेलो. "तिथे नको हो," वाघमारे म्हणाले. मी मुकाट्याने कोंबड्यांच्या टोपलीशेजारी उभा राहिलो.

बाईंनी विचारलं, कोण येणार आहे? वाघमारेंची स्पॅनिश जेमतेम. ते एवढंच म्हणाले, "मुलगी."

झालं! बाईंनी कंडक्टरला सांगितलं, त्याने ड्रायव्हरला. ड्रायव्हरने चालू केलेलं इंजिन बंद केलं. पोरगी मागे शिक्क्यासाठी अडकली असणार, अशी सगळ्यांची समजूत. अख्खी बस माना वळवून मागच्या रस्त्याकडे बघत बसली. कुरकुर म्हणून कुणाची नाही.

मला आधी हसू आलं, मग एकदम वाईट वाटलं.

"अहो, सांगा ना त्यांना," मी हळूच म्हणालो. "प्रज्ञा न्युरेम्बर्गला आहे."

"सांगतो." वाघमारेंनी रुमालाचं टोक सरळ केलं. "तिच्यासाठी थांबलेत ना. थांबू देत जरा."

मीही वाकून रस्त्याकडे बघायला लागलो. खरंच कुणी येतंय की काय, मलाही कळेना.