आधी पाणी, मग वाणी

घर चालवायला काय लागतं? तुम्ही म्हणाल भात, गाय, देवाची कृपा. चूक! चार शब्द लागतात! आणि ते चार शब्द मी, डॉमनिक, ठाण्याच्या ठेसनावर गाडीला निशाण दाखवणारा, स्वतःच्या डोक्यातून काढले आहेत: "आधी पाणी, मग वाणी!"

त्याचं असं झालं. एका शेटजींची गाडी चुकली. ते मास्तरांवर असे ओरडत होते की इंजिनाची शिट्टीसुद्धा लाजावी! मास्तरांनी त्यांना गार पाणी दिलं. शेटजी प्यायले, ढेकर दिली आणि मुकाट्याने बाकावर बसले. मला तिथेच साक्षात्कार झाला!

आमच्या कोपरीच्या घरात बायको मर्सी आणि धाकटी बहीण बर्नाडेट यांची सुक्या बोंबलांवरून रोज लढाई. मध्ये पडून मी दोघींवर ओरडणार. घरी जाऊन मी जाहीर केलं, "ज्याला राग येईल, त्याने अख्खा तांब्या प्यायचा. मगच बोलायचं!"

दुसऱ्याच दिवशी मर्सी धावत आली. तोंड लालबुंद!

"अहो, ती गाय..."

"आधी पाणी!"

"अहो, पण गाय..."

"मर्सी! मग वाणी!"

बिचारीने तांब्या रिकामा केला. तेवढ्यात गायीने परसातला दुधीचा वेल रिकामा केला. पण भांडण झालं का? नाही! आठवडाभरात घर असं शांत झालं की शेजारीण विचारायला आली, कोण आजारी आहे का?

खरी परीक्षा पुढेच होती. बर्नाडेटचं लग्न कल्याणच्या ऑस्वल्डशी ठरत आलेलं. दोघांनाही एकमेकं पसंत. पण ऑस्वल्डचा बाप सिल्वेस्टरकाका होडीवाला. म्हणाला, "वरात खाडीतून होडीनेच येईल!" मी म्हटलं, "ओहोटी लागली तर नवरा चिखलात रुतेल! आगगाडीने या."

"माझं पोरगं धुराच्या डब्यातून येणार?" काका ओरडला.

"मग राहू दे लग्न!" मी त्याच्याहून मोठ्याने ओरडलो.

आणि लग्न खरंच राहिलं! बर्नाडेट जेवेना, बोलेना. ताटापुढे बसून नुसती भाताकडे बघायची. रागाच्या भरात स्वतःचाच तांब्या विसरून आपण बहिणीचं वाटोळं केलं, हे काही मला गिळवेना.

अशात एका रविवारी, चर्चमध्ये मिस्सा आटोपून घरी पोचतो तोच दारात सिल्वेस्टरकाका! मागे ऑस्वल्ड. काकाचे डोळे निखाऱ्यासारखे लाल, केस उभे! मी ओळखलं, हा भांडायला आलाय.

"अरे डॉमनिक, मी काय म्हणतो, ती वरात..."

"काका, आधी पाणी!" मी तांब्या त्याच्या हातात कोंबला.

प्यायला. "हां, तर ती वरात..."

डोळे अजून लालच! "मर्सी, आणखी आण!"

"अरे, पण माझं ऐक तरी!"

"ऐकतो की! घोट घ्या."

ऑस्वल्ड मध्ये पडला. "दादा, बाबा सांगायला आलेत की..."

"तू पण पी!"

मर्सीने अर्धा माठ उपसला. काका पाय हलवायला लागला, मग उठला, मग बसला, मग पुन्हा उठला. कपाळावर घाम! मला वाटलं, आता राग बाहेर पडणार. मी दारात आडवा झालो आणि शेवटचा तांब्या पुढे केला.

"अरे सायबा!" काका किंचाळला. "कबूल! आगगाडी कबूल! लग्न कबूल! तू म्हणशील ते कबूल! पण आधी बाजूला हो!"

मला ढकलून तो केळीच्या झाडांमागे असा पळाला की कोंबड्या छपरावर चढल्या.

जिंकलो! बर्नाडेट ओढणीत तोंड लपवून हसली आणि त्या दिवशी दोनदा भात मागून जेवली. पंधरवड्याने नवरा आगगाडीतून उतरला, मी स्वतः हिरवं निशाण दाखवलं! कोपरीभर माझं नाव झालं. कोणाची सून रुसली, कोणाचा भाऊ चिडला, की लोक माझ्याकडे! मी मिशीवरून हात फिरवायचो आणि चार शब्द सांगायचो.

लग्नाच्या पंगतीत मी ऑस्वल्डला म्हटलं, "बघितलंस? तुझ्या बापासारखा माणूस मी नुसत्या पाण्यावर वळवला!"

तो माझ्या कानाशी वाकला. "दादा, त्या दिवशी बाबा पहिल्यांदाच आगगाडीत बसले होते. कल्याणपासून खिडकीबाहेर डोकं काढून! डोळ्यांत कोळसा गेलेला. इतके खूश झाले, की वरात आगगाडीनेच आणू, हेच सांगायला धावत आलेले."

मी इकडेतिकडे बघितलं. कोणाचं लक्ष नव्हतं.

"हे आणखी कोणाला सांगितलंस?"

"नाही, दादा."

मी त्याच्या पानात वडे वाढले आणि वर रस्सा ओतला.

"मग जेव बाबा! तोंड भरून जेव!"