सोनकांबळे जमादारांचे पाहुणे

राष्ट्राच्या सुरक्षेची चिंता काही काळ लातुरात आमच्या शेजारी राहत होती. तिचं नाव सोनकांबळे जमादार. ते जुन्या जिल्ह्यातून नुकत्याच फुटलेल्या आमच्या नव्या जिल्ह्याच्या पोलिसांत, गोपनीय शाखेत आहेत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

'अतिरेकी' हा शब्द ते तोंडातून काढत नसत. 'पाहुणे' म्हणत. आमच्याकडे एस.टी.त शेजारी बसलेल्या कुणालाही "काय पाहुणे, कुठलं गाव?" असंच विचारतात, त्यामुळे त्यांची गुप्तता अभेद्य होती. "पाहुणे येणार, लक्षणं हायेत," असं ते घरी म्हणाले की काकू विचारत, "जेवून येतेत का? पाणी एकच घागर हाय."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरी खोल करायला आलेल्या सुरुंगाच्या पेट्या ठेवायला नव्या जिल्ह्याकडे जागा नव्हती, म्हणून त्या जमादार आणि मी ज्या कचेरीत होतो, तिच्याच मागच्या खोलीत होत्या. खिडकीला गज नव्हते. पलीकडे बालवाडी. खिडकी दुरुस्त करायची कुणी, जुन्या जिल्ह्याने की नव्या, हे काही ठरेना. शेवटी जमादार पुण्याहून आलेल्या साहेबांपुढे उभे राहिले. मी टपाल घेऊन तिथंच होतो.

"साहेब, मागच्या खिडकीतून पाहुणे येणार."

"पुढच्या दाराने आणा," साहेब मान वर न करता म्हणाले. "चहा सांगून ठेवा."

पुढच्या आठवड्यात एक पेटी गेली. साहेब घामाघूम.

"मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं की साहेब. पाहुणे येणार म्हणून."

"पण ते आलेच नाहीत," साहेब गोंधळून म्हणाले. "चहा वाया गेला."

अर्थ कळल्यावर साहेबांनी जमादारांना जीप दिली, बढतीसाठी नाव पाठवतो म्हणाले. इतक्या वर्षांत जमादारांचं पहिल्यांदाच खरं ठरलं होतं. इस्त्रीचा गणवेश घालून ते पेटीच्या मागावर शिरूर अनंतपाळकडच्या एका गावात गेले. संध्याकाळी परतले ते आमच्या ओट्यावर बसून राहिले.

"सापडले का?" मी विचारलं.

"व्हय. गावातलेच हायेत. पेटी विहिरीत उडवली, आता बायापोरं गाळ उपसायलीत. मला बघून एका म्हातारीनं घागर वाकडी केली, घोटभर पाणी दिलं. म्हणली, घ्या पाहुणे, उन्हाचं आलाव."

दुसऱ्या दिवशी ते साहेबांना म्हणाले, "पेट्या मोजताना माझीच चूक झाली." बढतीच्या यादीतून त्यांचं नाव गेलं.

त्या सुरुंगाने विहीर बरीच खोल गेली. पाणी लागलं नाही.