गच्चीवरचा डबा

आप्पा ठाकूर मंगळवारी सकाळी गेले. लिफ्ट चालू होती, दूध आलं होतं, गच्चीवरचा डबाही चालू होता.

आप्पा आमच्या वरच्या मजल्यावर राहत. कोणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत ते स्वयंपाकघरात शिरून डब्यांची झाकणं उघडून बघत. आत काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. "झाकणाला रबर हाय का?" एवढाच प्रश्न. माझ्या बायकोने एकदा भाबडेपणाने हो म्हटलं आणि आमचा रव्याचा डबा गेला. रवा मात्र त्यांनी पेपरवर नीट ओतून ठेवला होता.

डबा हवा होता सिम घालून चालणाऱ्या राउटरसाठी. आमच्या इमारतीच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मजली टॉवर उभे राहिले तेव्हापासून, भर पनवेलात राहूनही, मोबाइलला धड रेंज मिळते ती फक्त गच्चीत, पाण्याच्या टाकीपाशी. वायरचं इंटरनेट देणारे रस्ता खोदायची परवानगी मिळाली की येणार होते. रस्ता इतर कामांसाठी बारा महिने खोदलेलाच होता. तेव्हा राउटर गच्चीत ठेवायचा आणि इंटरनेट खाली घरात उतरवायचं, असं आप्पांनी ठरवलं. बाहेर लावायचे राउटर तयार मिळतात, हे मी त्यांना सांगितलं.

"मिळतात ना, मास्तर. पण त्यांना आपल्याकडचा पाऊस कुठं माहीत हाय?"

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, कधी शिकवलं नाही. पण चष्मा असलेला प्रत्येक माणूस आप्पांच्या लेखी मास्तर होता.

हे सगळं चाललं होतं जनाकाकूंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. तरुणपणी तापात काकूंना ऐकू येणं बंद झालं. त्या ओठांवरून बोलणं ओळखतात. गुडघे गेल्यापासून समुद्राकाठच्या करंजाला धाकट्या बहिणीकडे जाणं थांबलं आणि उरला तो व्हिडिओ कॉल. बहीण मासळी वाळत घालता घालता बोले. नेमकं काही रंगात आलं की चित्र थिजायचं. बहिणीचं तोंड उघडं, हातात बोंबील. काकू त्या उघड्या तोंडाकडे बघत बसायच्या, पुढचा शब्द येईल म्हणून. आवाज कधी कधी चालू असायचा. त्याचा त्यांना उपयोग नव्हता.

आप्पा याचं कारण वेगळं सांगत. "ती भणीशी बोलली की मला तेवढी शांतता."

पहिला राउटर त्यांनी पापडाच्या स्टीलच्या डब्यात बसवला. झाकण लावलं आणि रेंज गेली. झाकण काढलं, आली. धातूतून लहरी जात नाहीत, हे मी घरी जाऊन वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं. "मग काल का नाय वाचलंत?" आप्पा म्हणाले. त्यानंतर आमच्या रव्याच्या डब्याचा नंबर लागला. वायरीच्या भोकासकट त्याची प्रत्येक फट त्यांनी एमसील लावून बुजवली. पाऊस आत गेला नाही. आतली वाफही बाहेर आली नाही. सकाळी झाकणाच्या आतून घाम गळत होता.

आप्पांचं घराणं मिठागरांचं. त्यांना उपाय ताबडतोब सुचला. "मीठ पाणी पितं, मास्तर." जाड्या मिठाची पुरचुंडी त्यांनी डब्यात राउटरच्या डोक्यावर टांगली. मीठ खरंच पाणी प्यायलं. इतकं प्यायलं, की विरघळून ठिबकू लागलं आणि खालच्या राउटरवर मिठागर तयार झालं. बाप-आजांनी समुद्राचं पाणी आटवून मीठ केलं; आप्पांनी मिठाचं पुन्हा पाणी केलं.

"ट्रायल चालू हाय," ते म्हणाले. हे ते कवळीबद्दलही म्हणत.

सोसायटीचे सेक्रेटरी एकदा गच्चीवर आले. "आप्पा, गच्ची सोसायटीची आहे. असं काहीही लावता येत नाही."

"गच्ची सोसायटीची, मग पाऊसपण सोसायटीचाच ना? त्याला नोटीस द्या, डब्यात शिरू नको म्हणून."

सेक्रेटरींनी नोटीस कोणालाच दिली नाही. त्यांच्या घरीही रेंज नव्हती.

शेवटी जमलं ते सोप्या गोष्टीने. आप्पांनी डब्याच्या तळाला बारीक भोकं पाडली, वाफ जायला. वायर खालून वर आत नेली. डब्याला पांढरा रंग दिला आणि ऊन अडवायला वर पत्र्याऐवजी फायबरचा तुकडा लावला, टोपीसारखा. त्या आठवड्यात पाऊस आडवा लागला होता. काकू खाली बहिणीशी मनसोक्त बोलत होत्या. त्यांचा आवाज मोठा, गच्चीच्या जिन्यापर्यंत येत होता. समुद्राच्या भरतीची वेळ कोणती, यावरून भांडण चाललं होतं.

"झालं की आप्पा," मी छत्री सावरत म्हणालो. "आता शांतता मिळाली. घ्या विश्रांती."

आप्पा डब्याच्या पट्टीचा स्क्रू पिळत होते. पिळून झालेला स्क्रू ते पुन्हा पिळत होते.

"मास्तर, तिला सगळ्यांची तोंडं नाय वाचता येत. आमचा मुलगा दाढीवाला. सून बोलते ती गाडी सुटल्यासारखी. तुमची मिशी आड येते." त्यांनी स्क्रूला आणखी एक पीळ दिला. "दोनच तोंडं तिला नीट येतात. एक माझं, एक भणीचं. त्यातलं एक आता जुनं झालंय. डॉक्टर म्हणतो, फार भरवसा नको."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला आणि जिन्याचा कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत, खाली गेले.

पुढच्या पावसाळ्याच्या आत ते गेले.

आता काकू सकाळी बहिणीशी बोलतात. दुपारी बहीण कामात असते, तेव्हा मी वर जाऊन बसतो. मी मिशी काढली आहे. हळू बोललो तर माझं निम्मं त्यांना कळतं.