कोनापुरे सरांची उपाशी गल्ली

"सुंदरम्मा, सोलापूरला आजवर चादरीमुळं ओळखत होते. आता माझ्यामुळं ओळखणार! लिहून ठेव!"

असं म्हणून प्राध्यापक शिवयोगी कोनापुरे यांनी तिसरी भाकरी मोडली. सुंदरम्मांनी काही लिहून ठेवलं नाही, कारण त्यांच्या एका हातात आमटीचं भांडं होतं आणि दुसऱ्या हातात चौथी भाकरी.

सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात संशोधन करत. विषय होता 'विकसनशील देशांतील अर्थव्यवहार, आरोग्य व कायदा यांचा परस्परसंबंध'. नाव इतकं लांब की वाचता वाचता प्राचार्यांनी मधेच चहा मागवला! खरं तर बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हाच सर भुकेवर लिहिणार होते. पण विषय मंजूर होईपर्यंत तीन पावसाळे पडून गेले, तळी भरली, पेवं ज्वारीनं गच्च झाली.

"हरकत नाही. भूक काय, शोधली की सापडतेच!" सर म्हणाले आणि त्यांनी तृप्तीचा ढेकर दिला.

हा उत्साह उगाच नव्हता. युरोपात एक मोठी परिषद भरायची होती. ज्याचा निबंध निवडला जाईल त्याला विमानानं नेणार, विमानानं आणणार! सरांनी विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलं होतं. पण शिंप्याकडं लोकरीचा कोट शिवायला टाकून ते मोकळे झाले. सोलापुरात लोकरीचा कोट! शिंप्यानं मापं घेताना दोनदा त्यांच्या तोंडाकडं पाहिलं म्हणे.

संशोधनाची पद्धत सरांनी स्वतः बसवली होती. कसब्यातल्या आपल्याच गल्लीत घरोघर जायचं आणि बाईला एकच विचारायचं, आज सकाळपासून पोटात काय गेलं? "का" म्हणून विचारायचं नाही. कारण शोधणं हे संशोधकाचं काम, बायकांचं नव्हे! आणि जायचं कधी, तर सोमवारी. कारण सोमवारी सरांना तास नसत.

झालं! सर वही घेऊन निघाले तो श्रावणातला पहिला सोमवार होता. हे गल्लीतल्या शेरडालासुद्धा ठाऊक होतं, त्याच्या वाट्याचा बेल सकाळीच देवळात गेला होता. ठाऊक नव्हतं ते फक्त सरांना. पंचांग हा त्यांचा विषयच नव्हता.

पहिलं घर मायाक्कांचं. मायाक्का म्हणजे तेलाचे व्यापारी बसलिंगप्पा यांच्या पत्नी. दारात उभ्या राहिल्या की दार दिसत नसे!

"मायाक्का, आज सकाळपासून काय खाल्लंत?"

"काय न्हाय की, सर."

"काहीच नाही?"

"पाणी प्याले बघा, दोन घोट."

"आणि बसलिंगप्पा?"

"ते जेवून दुकानाला गेले की मगाशीच."

"मुलं?"

"ती बी जेवली."

"मग तुमचं काही म्हणणं?"

मायाक्का लाजल्या. धरलेलं व्रत चारचौघांत मिरवायचं नसतं, हे त्यांना सासूनं शिकवलेलं. त्या पदर सावरत म्हणाल्या, "आमचं काय म्हणणं असणार, सर? देवाच्या दयेनं लई बरं चाललंय."

सरांनी खिशातून रुमाल काढला. नवरा तुडुंब जेवून दुकानात, आणि ही माऊली दोन घोट पाण्यावर! वर म्हणते, बरं चाललंय! मायाक्कांच्या आकाराबद्दल त्यांना क्षणभर शंका आली. पण लगेच उमगलं, ही सूज! सरांनी वहीत 'सूज' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

पुढचं घर सावित्रम्मांचं. सत्तरी ओलांडलेली, गल्लीत सगळ्यांना अरे-तुरे करणारी म्हातारी.

"आजी, आज काही खाल्लंत?"

"न्हाय रं मास्तर. दिवस मावळू दे की, मग बघू!"

"रोज असंच?"

"रोज कुटलं? रोज कोण हितं आमाला विचारायला येतंय?"

गल्ली संपेपर्यंत सरांचा रुमाल ओला झाला. घरामागून घर उपाशी! फक्त बायका, पुरुष एकही नाही! खात्री करायला म्हणून सर पुढच्या सोमवारी गेले. तेच उत्तर. तिसऱ्या सोमवारी गेले. तेच! शास्त्र शास्त्र म्हणतात ते दुसरं काय असतं?

घरी आल्यावर सुंदरम्मांनी गरम गरम वाढलं. सर घास गिळत तावातावानं म्हणाले, "कसले हे नवरे! बायको जेवली का नाही, एवढंही बघत नाहीत! आमटी वाढ."

सुंदरम्मांनी आमटी वाढली. त्या स्वतः कधी जेवतात हे सरांनी लग्नापासून पाहिलेलं नव्हतं. जेवत असणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. संशोधनाला गृहीतक लागतंच!

निबंध तयार झाला. शेवटी सरांनी एक कायदाही सुचवला. बायको जेवल्याशिवाय नवऱ्यानं पाटावर बसायचं नाही; बसल्यास सक्तमजुरी! हे कलम लिहिलं तेव्हा सरांच्या तोंडात शेंगापोळी होती.

दिवाळी सरली आणि परदेशातून पत्र आलं. परिषदेचे मुख्य डॉ. ओल्सन यांनी लिहिलं होतं, "तुमची गल्ली वाचून रात्रभर झोपलो नाही. जानेवारीत भारतात येतोच आहे. ती गल्ली डोळ्यांनी पाहीन आणि तुमचं निमंत्रण हातानं देईन."

सरांनी भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर पाहिलं. तेरा जानेवारी, साधा काळा आकडा! सुट्टी नाही, काही नाही. तीच तारीख कळवून टाकली.

आता सोलापूरच्या माणसाला तेरा जानेवारी म्हणजे काय हे मी सांगायला नको. भोगी! गड्ड्याची जत्रा भरलेली, तळ्याकाठी देवाच्या लग्नाच्या अक्षता पडलेल्या, आणि घरोघरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, सगळ्या भाज्यांचा गरगट्टा. त्या दिवशी गल्लीत उपाशी माणूस शोधायचा तर तो बाहेरून मागवावा लागला असता!

दुपारी सर कोट घालून, घामाच्या धारा पुसत, साडेसहा फुटी ओल्सनसाहेबांना घेऊन गल्लीत शिरले. बघतात तो काय? दारोदारी रांगोळ्या, बायका जरीच्या लुगड्यांत, आणि सगळी गल्ली खमंग भाजल्या तिळाच्या वासानं भरलेली!

"पावणं आलं! लांबनं आलं!" सावित्रम्मा ओरडल्या. "बस रं बाबा हितं. ऊट आयता? जेवलास का न्हाय?"

साहेब ओट्यावर बसले. पुढ्यात परातीएवढं ताट आलं. ताटाकडं आणि सावित्रम्मांच्या गालांकडं पाहत साहेबांनी विचारलं, "प्रोफेसर, एवढं अन्न? हे कुठून आलं?"

सरांना कोटाच्या आत विमान घसरताना जाणवलं. ते इंग्रजीत घाईघाईनं म्हणाले, "तुमच्यासाठी, सर! सगळ्या गल्लीनं शेवटचं पीठ गोळा केलं. आता आठवडाभर या बिचाऱ्या काही खाणार नाहीत!"

साहेबांचे निळे डोळे भरून आले. त्यांनी ताट दूर सारलं.

"का रं? तिखट लागलं व्हय?" सावित्रम्मा गोऱ्यामोऱ्या झाल्या. "घास न घेताच ताट सारलं! मास्तर, ह्याला काय सांगितलास तू?"

"काही नाही आजी, त्यांचं पोट बरं नाही."

"मग दहीभात आणते की!"

दहीभात आला. तो पाहून साहेबांनी हुंदकाच दिला. सरांनी त्यांना उठवून मायाक्कांच्या घरी नेलं. तिथं शेंगापोळ्यांची चळत! साहेबांनी तीही सारली. पाहुणा घराघरातून न जेवता उठतोय, ही बातमी गल्लीभर झाली आणि बायकांचे चेहरे उतरले.

"आमच्या हातचं चालत न्हाय वाटतं गोऱ्याला!"

"मग आला कशाला? वास घ्यायला?"

तेवढ्यात ओल्सनसाहेबांना राहवेना. त्यांनी ताटातली शेंगापोळी उचलली, तुकडा मोडला, मायाक्कांसमोर गुडघे टेकले आणि तो तुकडा त्यांच्या तोंडाशी नेला. "खा, आई, तू खा!" असं ते त्यांच्या भाषेत म्हणत होते, पण ती भाषा कुणाला कळणार?

मायाक्का किंचाळल्या. बायकांनी तोंडाला पदर लावले. आणि नेमके त्याच क्षणी अक्षता सोहळ्याहून पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत बसलिंगप्पा दारात आले!

"ए! काय चाललंय हे? माझ्या देखत माझ्या बायकोला घास भरवतोय? आं? लग्नात नाव घेताना बी मी घास भरवला न्हाय!"

"म्हणूनच!" मायाक्का म्हणून गेल्या आणि मग जीभ चावली.

"बसलिंगप्पा, शांत व्हा," सर मधे पडले. "साहेबांना वाटतंय की मायाक्का जेवलेल्या नाहीत. म्हणजे… भुकेल्या आहेत."

"ही? भुकेली?" बसलिंगप्पांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा सरांकडं. "कुणी सांगितलं त्याला?"

सर कोटाची बटणं मोजू लागले. बसलिंगप्पांचा मुंबईच्या पेढ्यांशी तेलाचा व्यवहार होता; कामापुरतं इंग्रजी त्यांच्याजवळ होतं. ते साहेबांसमोर छाती काढून उभे राहिले.

"सर! माय वाइफ! फुल मील! डेली! मॉर्निंग, नून, ऑल्सो नाइट! माय हाऊस, नो हंगर! यू अंडरस्टँड?"

साहेब चकित झाले. "पण प्रोफेसरांना तर या म्हणाल्या होत्या, सकाळपासून काहीच खाल्लं नाही. तीन वेळा!"

"व्हेन? विच डे?"

"मंडे," सर पुटपुटले. "ऑगस्टमधले मंडे."

"ऑगस्टमधले सोमवार म्हणे!" बसलिंगप्पांनी गल्लीला ऐकवलं. मग सावित्रम्मांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! श्रावणातला सोमवार की रं मास्तर! उपास होता की आमचा! रातच्याला सोडला, खीर खाऊन!"

अशी हसली गल्ली, अशी हसली, की जत्रेतल्या पाळण्याचा आवाज ऐकू येईना. बसलिंगप्पा मात्र हसले नाहीत. निबंधात आणखी काय काय लिहिलंय, हे त्यांनी साहेबांकडून काढून घेतलं. "म्हणजे आम्ही बायकांना उपाशी मारतो, हे परदेशात छापून आणणार होता तुम्ही? आणि आम्हाला सक्तमजुरी?" सरांचा कोट त्यांनी कॉलरपाशी धरला. शिंप्यानं शिवण पक्की घातली होती म्हणून सर वाचले.

सुटका झाल्यावर सर साहेबांना घेऊन थेट आपल्या घरात घुसले. सुंदरम्मांनी पाहुणा येणार म्हणून पहाटेपासून स्वयंपाक मांडला होता. आता काही रहस्य उरलं नसल्यामुळं ओल्सनसाहेब मन लावून जेवले. सरही जेवले, दुःखात त्यांना जास्तच भूक लागते. सुंदरम्मा वाढत राहिल्या.

हात धुतल्यावर साहेबांनी हळूच विचारलं, "तुमच्या पत्नीही त्या सोमवारी उपाशी होत्या का?"

"छे! मुळीच नाही!" सर ठामपणे म्हणाले.

"व्हय रं व्हय!" सावित्रम्मा मागोमाग आल्याच होत्या, प्रश्नाचा रोख त्यांना इंग्रजीशिवायही कळला असावा. "सुंदरीएवढा कडक उपास गल्लीत कुणाचा न्हाय! घोटभर पाणी बी न्हाय! दर सोमवारी ह्याच्या पुढ्यात ताट ठेवून हीच वाढत हुती की!"

सरांनी त्याचं भाषांतर केलं नाही. पण त्यांचा चेहरा साहेबांनी नीट वाचला, आणि त्यांच्या निळ्या डोळ्यांत एकदम चमक आली.

"प्रोफेसर, तुमचा निबंध बाद आहे. पण नवा विषय फार मोलाचा आहे! विकसनशील देशांतील सुशिक्षित नवरे! त्यांना आपल्या घरातलं काय माहीत असतं? सुरुवात तुमच्यापासूनच करा. आज तुमच्या पत्नीनं काय खाल्लं, एवढं मी गाडीला निघण्यापूर्वी विश्रामगृहावर येऊन सांगा. खरं उत्तर आणलंत, तर परिषदेचं निमंत्रण तुमचंच!"

साहेब गेले. सरांच्या आत विमान पुन्हा वर उडालं! ते उठले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत गेले.

"सुंदरम्मा… आज तू काय खाल्लंस?"

सुंदरम्मांच्या हातून उलथनं पडलं. त्यांनी धावत येऊन सरांच्या कपाळाला हात लावला. "अगंबाई! अहो, काय होतंय तुम्हाला? त्या कोटानं ऊन लागलं का? सावित्रम्मा, आत या हो लवकर! हे बघा काय विचारायला लागलेत!"

"अगं, मला काही झालेलं नाही! ते साहेबांना सांगायचंय. संशोधन आहे."

"संशोधन होय!" सुंदरम्मा भिंतीला टेकल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग ठीक आहे. माझ्या जीवात जीव आला. सांगा त्यांना, काही नाही खाल्लं."

"पण आज तर भोगी! उपास नाही!"

"उपास कसला? पहाटेपासून करतेय आणि वाढतेय. बसायला मिळालंच नाही. आणि आता भांड्यात उरलंय कुठं?"

सरांनी रिकाम्या भांड्यात डोकावून पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की सुंदरम्मांना वाटलं, आता हे काहीतरी चांगलं बोलणार.

"काही नाही? खरंच काही नाही? शाब्बास! म्हणजे माझा निष्कर्ष शंभर टक्के बरोबर होता!" सरांनी कोट चढवला आणि दाराकडं धाव घेतली. जाता जाता उंबऱ्यावरून वळून म्हणाले,

"आणि हे बघ, धावपळीत मला पुन्हा भूक लागलीय. येईपर्यंत दोन भाकऱ्या टाकून ठेव!"