बुकिंगशिवाय गाडीत बसायचं नाही

मंडळी, टॅक्सीचं लायसन्स देणाऱ्या नगर कौन्सिलचा माणूस मी शंभर पावलांवरून ओळखतो! आमच्या ब्रॅकनशॉ गावात खासगी टॅक्सीने फोनवर बुकिंग असेल तरच गिऱ्हाईक घ्यायचं. रस्त्यात कुणी हात केला म्हणून उचललं, की लायसन्स गेलं! आणि कौन्सिलवाले असे बिलंदर, की साध्या कपड्यांत येऊन स्वतःच हात करतात. माझी बायको डोरीन हिला मी हे रोज बजावतो. तीही टॅक्सीच चालवते, पण मनाने फार मऊ.

त्या मंगळवारी टाउन हॉलमध्ये माझ्या लायसन्सच्या नूतनीकरणाची सुनावणी होती. फायलीत एक जुनी ताकीद होती. या खेपेला काही वाकडं झालं, तर वीस वर्षांचा धंदा बंद!

"क्लेम, आज तोंड जरा कमी चालव हं," डोरीन म्हणाली.

मी? तोंड?

वाटेत बसथांब्यावर एक म्हातारी भिजत उभी होती. तिने हात केला.

"टाउन हॉलला सोडतोस का रे बाळा? बस आलीच नाही."

टाउन हॉल! आणि नेमका आजच! मी काच दोन बोटं खाली केली. "आजी, फोन करून बुकिंग करा."

"फोन घरी राहिला रे."

"वा! छत्री नाही, फोन नाही, बस नाही! तुमच्या साहेबांना सांगा, क्लेमंट ऑग्डन असा फसत नसतो!"

"कुठले साहेब?" म्हातारी गोंधळली. काय तो अभिनय! मी टाळ्या वाजवल्या आणि निघालो.

टाउन हॉलमध्ये समितीचे दोघे बसले होते, मधली खुर्ची रिकामी. नव्या अध्यक्षबाई यायच्या होत्या. तेवढ्यात दार उघडलं आणि तीच म्हातारी आत आली! मला काही कळेना. सुनावणीतसुद्धा सापळा? पण ती सरळ जाऊन मधल्या खुर्चीत बसली, आणि माझी पाचावर धारण बसली.

"हेच ते!" अध्यक्षबाई म्हणाल्या. मी डोळे मिटले. "मी भिजत होते, तरी यांनी नियम मोडला नाही. राग आला मला, पण माणूस चोख आहे. द्या यांना लायसन्स!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

"मग बाईसाहेब, तुम्हाला इथवर आणलं कुणी?"

"एका टॅक्सीवालीने. फार गोड पोर. पैसेही घेतले नाहीत."

"बुकिंगशिवाय? अशांमुळेच आमचा धंदा बदनाम होतो! महिनाभर लायसन्स काढून घ्या तिचं!"

"अहो, जाऊ दे ना..."

"नियम म्हणजे नियम!"

टॅटरसॉल नावाचा अधिकारी भराभर लिहीत होता. "तक्रार नोंदली. आता कारवाई आलीच. गाडीचा नंबर?"

"तो कुठे पाहिला मी? कुडकुडत होते म्हणून तिने चहा दिला. हे परत करायचंच राहिलं." बाईंनी पिशवीतून लाल चौकड्यांचा थर्मास काढला.

हा थर्मास गेल्या नाताळात मीच घेतला होता. हरवू नये म्हणून बुडाला नाव-पत्ताही मीच चिकटवला होता! टॅटरसॉलने थर्मास उलटा केला.

"डी. ऑग्डन. तुमच्या कोणी?"

"आ... आडनाव सारखं असेल."

"पत्ताही सारखाच आहे."

डोरीनला बोलावून घेतलं. महिनाभर लायसन्स बंद, अगदी माझ्याच शब्दांत! लायसन्स नसेल तर टॅक्सी घरापर्यंतही चालवायची नाही, असाही एक नियम आहे. तिची गाडी आवारातच राहिली. मी माझ्या गाडीचं दार उघडलं. "बस ना, घरी सोडतो."

"माझं बुकिंग नाही," ती म्हणाली आणि फोन काढून लांब जाऊन उभी राहिली.

पाच मिनिटांनी गाडीतला वायरलेस खरखरला. आमच्या कंपनीची बेरिल बोलत होती. "क्लेम, टाउन हॉलच्या दारात एक बाई आहेत. तुझ्याच घरी जायचंय त्यांना."

"घेतो, घेतो! मी दारातच उभा आहे!"

"ते कळलंय मला. म्हणूनच सांगते, जरा पुढे सरक. त्यांनी दुसरा ड्रायव्हर मागितलाय, त्याला गाडी लावायला जागा हवी."