शंभरावरच्या तीन हाका

एका जंगलात, बाळांनो, ऊन आधी अंगाला लागायचं नाही. आधी आकडा कानावर यायचा आणि मग ऊन लागायचं. हसू नका! तुमच्या घरी काय वेगळं चालतं? सकाळी आकडा वाचल्याशिवाय तुमचे बाबा तरी कपाळावरचा घाम पुसतात का?

तर त्या जंगलात हुपाजी नावाचं एक वानर होतं. त्याच्याकडे पारा भरलेली काचेची नळी होती. नळीमागे आकड्यांची पट्टी. रोज दुपारी तो पारा बघायचा आणि झाडावर चढून आकडा ओरडायचा. बापजाद्यांपासून त्याच्या घरात हेच काम.

जंगलात मोठा डोह एकच, आणि तो सिंहमहाराजांचा. एरवी तिथे कुणी पाय बुडवला तर पाय परत मिळायचा नाही. पण महाराजांचे आजोबा जरा मऊ मनाचे. त्यांनी काठावरच्या दगडात कोरून ठेवलं होतं: 'शंभराच्या वर गेलं की वानराने तीन हाका माराव्यात. तीन हाका झाल्या की डोह सगळ्यांना खुला.'

दर वैशाखात एकशे दहा, एकशे तेरा व्हायचं. हाका पडायच्या. मग काय, सगळी जनावरं धपाधप पाण्यात! महाराज काठावर तोंड वाकडं करून बसायचे.

"डोह आमचा आणि डुंबणार म्हशी," ते कुरकुरायचे.

त्या साली मुंगूसराव बर्फाच्या जंगलातून शिकून आले. आले ते थेट कारभारीच झाले.

"महाराज, आपलं माप जुनाट आहे," ते म्हणाले. "तिकडे पाणी गोठतं तिथे शून्य, पाणी उकळतं तिथे शंभर. कसं सुटसुटीत!"

"मग आपले एकशे तेरा म्हणजे किती?"

"पंचेचाळीस."

महाराज उठून बसले. "आणि डोह?"

"शंभराच्या वर गेलं की खुला. आजोबांच्या शब्दाला आपण धक्का लावायचा नाही, महाराज."

महाराजांना मुंगूसराव फार म्हणजे फारच आवडले.

नळी तीच राहिली, पारा तोच राहिला. फक्त मागची पट्टी बदलली. जुनी पट्टी हुपाजीने झाडाच्या ढोलीत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तो ओरडला, "पंचेचाळीस!"

"अगंबाई!" लांडोर म्हणाली. "काल एकशे तेरा आणि आज पंचेचाळीस? निम्म्याच्याही खाली आणला की हो उन्हाळा महाराजांनी!"

सगळ्यांना हायसं वाटलं. अस्वलाने तर अंगावर पालापाचोळा ओढून घेतला. म्हणालं, "संध्याकाळी गारठा पडणार बघा." पोपटांनी महाराजांचे आभार मानायला सभा भरवली. सभेत तीन पोपट चक्कर येऊन पडले. आनंदाने पडले, असं जाहीर झालं. भर दुपारी एक ससा मेला. मुंगूसरावांनी लिहून ठेवलं, 'पंचेचाळीसला कुणी उन्हाने मरत नाही. ससा मुळातच घाबरट होता.'

फक्त काजळी म्हशीला काही केल्या गार वाटेना. तिला आकडे कळायचे नाहीत. तिला आपलं रेडकू कळायचं. ते तीन दिवस उठलं नव्हतं. नाकपुड्या कोरड्या पडल्या होत्या, डोळे फिरले होते. ती धापा टाकत मुंगूसरावांकडे गेली.

"मुंगूसराव, लेकरू चाललंय हो माझं. घटकाभर डोहात बसू द्या त्याला."

"आकडा किती झालाय, काजळीबाई?"

"मला काय ठाऊक? जीभ टाळूला चिकटलीय."

"पंचेचाळीस. म्हणजे अजून पंचावन्न बाकी. थोडा दम धरा."

"पण शंभर होणार तरी कधी?"

"डोहातलं पाणी उकळायला लागलं की लगेच!" मुंगूसराव म्हणाले. आणि बरं का, अगदी मनापासून म्हणाले. शिकलेला जीव तो.

काजळी परत आली तर शेजारीपाजारी तिच्यावरच घसरले. "पंचेचाळिसात रडतेस? लाज नाही वाटत? आमच्या वेळी एकशे तेरा असायचे!" अरे गाढवांनो, 'आमच्या वेळी' म्हणजे गेल्या आठवड्यात! जाऊ दे. माझंच डोकं तापतं.

त्याच दुपारी महाराजांनी शिळं सांबर खाल्लं आणि त्यांना ताप भरला. हुडहुडी, उलट्या, सगळं. मुंगूसरावांनी हुपाजीकडून नळी घेऊन महाराजांच्या काखेत धरली.

"चाळीस आणि वर थोडं," ते म्हणाले. "वा, महाराज! आपण जंगलापेक्षाही थंड आहात. घोंगडी आणू?"

"मुंगसा!" महाराज कण्हत गरजले. "मेलो मी! ते आकडे प्रजेसाठी आहेत. मला जुन्या पट्टीने मोज!"

हुपाजीने धावत जाऊन ढोलीतली पट्टी आणली, नळीला लावली आणि वाचलं, "एकशे पाच!"

एकच हलकल्लोळ! मुंगूसराव ऊर बडवायला लागले. "एकशे पाच! अरे, महाराज हातचे चालले! उचला, डोहात न्या!"

इकडे हुपाजी सरसर झाडावर चढला. जन्मभर शंभराच्या वर आकडा दिसला की त्याने हाका मारल्या होत्या. तो सवयीने चढला की काजळीकडे बघून चढला, ते मला विचारू नका. त्याने तीन हाका मारल्या.

काजळीने रेडकाला शिंगांनी ढकलत, लोटत डोहात घातलं. मागून सगळं जंगल पाण्यात पडलं. महाराजांना घेऊन मुंगूसराव पोचले तेव्हा डोहात पाय ठेवायला जागा नव्हती.

"निघा!" मुंगूसराव किंचाळले. "हा हवेचा आकडा नाही! महाराजांचा ताप आहे!"

"दगड वाचा," काजळी म्हणाली. "शंभराच्या वर गेलं की, एवढंच लिहिलंय. कशाचं, ते नाही लिहिलं."

महाराजांना वाद घालायचं त्राण नव्हतं. ते गुपचूप चिखलात रेडकाशेजारी बसले. बऱ्याच वेळाने रेडकाने एक कान हलवला. मग जोरात शिंकलं, ते थेट महाराजांच्या आयाळीत. काजळी इतकी हंबरली की पलीकडच्या टेकडीवर ऐकू गेलं.

संध्याकाळी महाराजांचा ताप उतरला. पट्टी पुन्हा नवी लागली आणि जंगल पुन्हा गार झालं. अस्वल डोहातून निथळत बाहेर आलं आणि म्हणालं, "पंचेचाळिसात डुंबायला नको होतं. सर्दी होणार आता."

तात्पर्य: बाळांनो, उन्हाने जीव जायला लागला तर राजाकडे पाणी मागू नका, सावलीही मागू नका. राजाला सणसणीत ताप यावा म्हणून मनोभावे नवस बोला. आणि जुनी पट्टी जपून ठेवा.