उत्तरेचा कोपरा

“गच्चीवर जाऊन टाकी बघा. वकिलांचा फोन होता, त्यांच्या भिंतीला ओल आलीय,” असा निरोप बायकोने ऑफिसातून पाठवला, तेव्हा चष्मेवाले जेवून नुकतेच आडवे झाले होते. दुकानाला सुट्टी होती. ते कुरकुरत उठले, गच्चीची किल्ली घेतली, फोन घेतला, जिना चढले आणि वर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की चष्मा उशीजवळच राहिला. दूरचं त्यांना स्वच्छ दिसे; हातातलं मात्र चष्म्याशिवाय धुक्यात जाई. अर्ध्या गावाच्या नाकावर चष्मे चढवणारा माणूस स्वतः फोन हातभर लांब धरून, डोळे किलकिले करून उभा होता.

टाकी मात्र दिसली. तिच्या उत्तरेकडच्या कोपऱ्याला तडा गेला होता आणि त्यातून पाण्याची एक चकचकीत धार निघून भिंतीवरून खाली पसरत चालली होती. दुपारच्या उन्हात ती अशी काही झळाळत होती, की चष्मेवाले क्षणभर तक्रार विसरून नुसते बघत राहिले. मग त्यांना बायको आठवली. फोन थरथरला. पडद्यावर काहीतरी आलं होतं. त्यांनी अंदाजाने बोट टेकवलं आणि लिहिलं, “वर आलोय. असलं जन्मात पाहिलं नव्हतं. तू लवकर ये.”

तो निरोप बायकोला गेला नाही. तो ‘आकाशदर्शन’ या गटावर गेला.

हा गट म्हणजे चष्मेवाल्यांचं देवघर होतं म्हणा ना. तिथे तारे, ग्रह, ग्रहणं यांवर चर्चा चाले. दातांचे डॉक्टर होते, बँकेतला कॅशियर होता, कितीतरी मंडळी अशी होती ज्यांना नक्षत्रं घरच्या माणसांसारखी ओळखू येत. चष्मेवाले रोज सगळं वाचत, भारावून जात आणि एक अक्षर लिहीत नसत. आपण लिहावं एवढी आपली लायकी नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. शिवाय बाईंची भीती. बाई गट चालवत. आयुष्य टपालखात्यात काढलेल्या, त्यामुळे चुकीच्या पत्त्यावर गेलेला मजकूर त्यांना हरवलेल्या मुलासारखा वाटे. एकासाठीचं उत्तर सगळ्यांना पाठवू नये. ज्याला उत्तर देतोय तो निरोप वर जोडावा. थोडक्यात विचारावं, थोडक्यात सांगावं. नुसतं ‘मीही’ किंवा ‘छान’ लिहून गर्दी करू नये. दातांच्या डॉक्टरांनी एकदा एका ओळीच्या उत्तरावर अंगठा, फूल आणि रॉकेट अशी तिन्ही चित्रं टाकली, तर बाईंनी त्यांना आठवडाभर गप्प बसवलं होतं.

अशा गटावर, कधीही तोंड न उघडणाऱ्या माणसाचा पहिला निरोप आला: असलं जन्मात पाहिलं नव्हतं, तू लवकर ये.

“आनंदाच्या भरात एकेरीवर आले,” असं कॅशियर नंतर सांगत असे. “मी म्हटलं, माणूस एवढा मर्यादशील, हा बाईंना अरेतुरे करतोय म्हणजे वर काहीतरी भयंकर दिसतंय.”

बाईंनी विचारलं, “दिशा?”

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. चष्मेवाल्यांची बायको विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करणाऱ्या खात्यात होती. घरात कप फुटला तरी ती आधी विचारी, “कुठे? केव्हा? कोणाच्या हातून?” त्यामुळे एका शब्दाचे हे प्रश्न आपल्या बायकोचेच आहेत, याबद्दल चष्मेवाल्यांच्या मनात तिळमात्र शंका आली नाही. अक्षरं पुसट दिसत होती, पण खाक्या ओळखीचा होता.

“उत्तरेचा कोपरा,” त्यांनी लिहिलं.

“केव्हापासून?”

“सकाळपासून असावं. लक्ष गेलं नाही.”

दातांच्या डॉक्टरांनी पेशंटच्या दाढेतलं हत्यार तसंच ठेवून विचारलं, “दिवसाउजेडी दिसतंय?”

“मग काय रात्रीची वाट बघू?”

“आकार?”

“वर बारीक. खाली पसरत गेलंय, शेपटासारखं.”

“रंग?”

“पांढरं. कडेने हिरवट.”

“वाढतंय का?”

“डोळ्यांदेखत!”

शेवटी कॅशियरने धीर करून विचारलं, “दुर्बिणीतून बघताय का?”

“दुर्बीण कसली, माझा साधा चष्मासुद्धा नाही!” चष्मेवाले आता चिडले होते.

“आणखी कोणी पाहिलं?”

“वकिलांनी. तेच आधी ओरडले.”

साक्षीला वकील! बाईंचा मात्र जीव एवढ्या थोर क्षणीही नियमात अडकला होता. त्यांनी लिहिलं, “आपण कोणाला उत्तर देताय तो निरोप वर दिसू द्या.”

चष्मेवाल्यांना त्यातलं ‘वर दिसू द्या’ तेवढं लागलं. “वरच दिसतंय,” त्यांनी उत्तर दिलं. “खालून काही कळायचं नाही. गच्चीवरच यायला हवं.” मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि टाकीत पाणी आणणारा मोठा कॉक दोन्ही हातांनी फिरवून बंद केला. धार हळूहळू बारीक झाली. प्लंबरला बोलवायला ते खाली आले, चष्मा घातला आणि फोन उघडला.

बायकोचे सात निरोप उत्तराविना पडले होते. शेवटचा होता, “जिवंत आहात ना?” आणि दुसरीकडे, त्या पवित्र गटावर, त्यांचं सगळं बोलणं ओळीने मांडलं होतं. खाली दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, “धूमकेतू. दुसरं काही असूच शकत नाही.” त्याखाली कॅशियर: “नाव शोधणाऱ्याचं द्यायची पद्धत आहे.”

चष्मेवाले पलंगावर बसले. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी त्यांना लाज वाटली नाही. आपल्या नावाचा धूमकेतू काळोखातून शेपूट फुलवत चाललाय, असं त्यांना दिसलं. इतकी मोठी माणसं आपल्याला प्रश्न विचारत होती, आणि आपण उत्तरं देत होतो! तो क्षण त्यांनी जरा पुरवून भोगला. मग घाम फुटला.

त्यांनी घाईघाईने लिहिलं, “माफ करा. मी टाकीबद्दल बोलत होतो.”

पण तोवर बाईंची शिस्त पार उधळली होती. “मीही निघालो.” “मीही.” “मी पण!” “जागा धरा.” “मीही, सोबत मेहुणा.” असा लोंढा आला आणि चष्मेवाल्यांची माफी त्यात कुठल्या कुठे वाहून गेली. वाचली फक्त दातांच्या डॉक्टरांनी. त्यांनी उत्तर दिलं, “टाकीच्या बाजूला ना? समजलं, धन्यवाद.”

प्लंबरला फोन करून चष्मेवाल्यांनी मनाचा हिय्या केला आणि बाईंना फोन लावला. टॅक्सीवाल्याने उचलला.

“बाई मागे बसल्यात, मांडीवर दुर्बीण आहे, म्हणून फोन माझ्याकडे दिलाय. निरोप सांगू?”

“त्यांना सांगा, ते पाणी आहे. नुसतं पाणी!”

“बाई, ते म्हणतात पाणी आहे.”

मग बाईंचा कापरा आवाज ऐकू आला, “धूमकेतूवर पाणी? आणि यांनी ते चष्म्याशिवाय ओळखलं?”

फोन बंद झाला.

सूर्य कलायला लागला तशी माणसं यायला लागली; चष्मेवाल्यांचं घर अर्ध्या गावाला ठाऊक होतं. जिन्यात पावलं, दुर्बिणीच्या पेट्या, तिपाया. त्यांना पहिल्यांदा गाठलं ते वकिलांनी. महिन्याभरापूर्वीच त्यांनी भिंती रंगवून घेतल्या होत्या, आणि आता ओलीचा डाग बघत ते दारातच उभे होते.

“तुम्हीच का ते पाहणारे वकील?” दातांच्या डॉक्टरांनी दारावरची पाटी वाचून त्यांचा हात हातात घेत विचारलं.

“मीच. सकाळी दात घासताना दिसलं.”

“काय वाटलं हो त्या क्षणी?”

वकिलांनी तो हात सोडलाच नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या तक्रारीची कोणी अशी दखल घेतली नव्हती. “एकच फोन केला होता मी,” ते म्हणाले, “आणि एवढी माणसं! या, आत या, दाखवतो.” आणि त्यांनी डॉक्टरांना स्वयंपाकघरात नेऊन भिंत दाखवली. डॉक्टर भिंतीकडे बघत राहिले. मग हळूच बाहेर आले आणि वर गेले.

तेवढ्यात दुसरंच सुरू झालं. चष्मेवाल्यांनी कॉक बंद केला होता तो अख्ख्या इमारतीचा, आणि टाकीतलं उरलेलं पाणी तड्यातून केव्हाच वाहून गेलं होतं. संध्याकाळी कामावरून आलेल्या माणसांनी नळ सोडले, तर थेंब नाही. कोणी तोंडाला साबण लावून बसलेलं, कोणाची कपड्यांची मशीन मध्येच थांबलेली. एकेक जण टॉवेल खांद्यावर टाकून, तोंडाने फडाफडा बोलत गच्चीकडे निघाला. चष्मेवाल्यांची बायको ऑफिसातून आली ती या मिरवणुकीत सापडली.

“काय चाललंय?” तिने नवऱ्याला गच्चीच्या दारात गाठलं. “केव्हापासून? कोणामुळे?”

“माझ्यामुळे,” चष्मेवाले म्हणाले.

त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. तिपाया उभ्या होत्या, सगळ्या उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे टाकीकडे. बाई अखेरच्या पायरीवर दम खात होत्या; बारीक, ताठ, मफलर गुंडाळलेल्या. चष्मेवाल्यांनी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही. ते पुढे झाले आणि जे झालं ते सगळं, चष्मा, फोन, बायको, टाकी, एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, “दिशा बरोबर होती, बाई. बाकी सगळं पाणी होतं.”

दातांच्या डॉक्टरांनी दुर्बिणीचं झाकण परत लावलं. कॅशियरचा मेहुणा तेवढा म्हणाला, “म्हणजे धूमकेतू नाहीच?”

बाई त्यांच्याजवळ आल्या. “वर निरोप जोडला असतात,” त्या म्हणाल्या, “तर पहिल्याच ओळीला कळलं असतं.”

“हो, बाई.”

“आणि मी विचारलं असतं की ‘तू’ कोणाला म्हणताय, तरी कळलं असतं. ते मी विचारलं नाही. मला बरं वाटलं होतं.” एवढं बोलून त्या वळल्या. “टॅक्सी परत गेलीय. आकाश निरभ्र आहे. डॉक्टर, ती तिपाई इकडे घ्या. दक्षिणेला.”

अंधार अजून पुरता पडला नव्हता. निळ्या-करड्या आकाशात एक फिकट, न लुकलुकणारा ठिपका होता. कोणाचं लक्षही गेलं नसतं असा. बाईंनी दुर्बीण त्याच्यावर धरली, बराच वेळ काहीतरी फिरवलं आणि सगळ्यात जवळ जो उभा होता त्याला बोलावलं. ते वकील होते. ओलीबद्दल बोलायचं अजून राहिलं म्हणून ते वर आले होते.

वकिलांनी डोळा लावला. तोंड उघडलं. मिटलं नाही.

“कडं आहे त्याला,” ते कुजबुजले.

“शनी,” बाई म्हणाल्या.

“मागे लागतो म्हणतात, तो हाच?”

“हाच.”

“हा कशाला कोणाच्या मागे लागेल?” वकील म्हणाले. “एवढा देखणा.” आणि मग, लहान मुलासारखं, “याला आधार कशाचा आहे हो?”

बाईंनी मान वळवून वकिलांकडे बघितलं. इतकी वर्षं गटावर चर्चा झाल्या होत्या, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मग रांग लागली. साबणाचा फेस वाळलेले चेहरे, टॉवेल, ऑफिसच्या बॅगा. जो तो भांडायला म्हणून वर येई, दुर्बिणीपाशी पोचे आणि खाली मान घालून, पाय न वाजवता बाजूला होई. खालच्या मजल्यावरच्या एक बाई तावातावाने “पाणी कोणी बंद केलं?” म्हणत आल्या, त्यांना कोणीतरी हात धरून पुढे नेलं, आणि त्या परत फिरल्या तेव्हा डोळे पुसत होत्या.

चष्मेवाल्यांच्या बायकोची पाळी आली. ती वाकली. चष्मेवाले शेजारी प्रश्नांची वाट बघत उभे राहिले. कुठे, केव्हा, कोणामुळे, काहीही. ती काहीच विचारेना. मागचे लोक चुळबुळले तेव्हा कुठे तिने मान वर केली.

“हे किती दिवसांपासून आहे?” तिने बाईंना विचारलं.

“कायमचंच आहे.”

“कायमचं!” ती नवऱ्याकडे वळली. “आणि तुम्ही मला आज सांगताय?”

लग्न झाल्यापासून चष्मेवाले तिला गच्चीवर चल म्हणून विनवत होते. पण हे बोलायची ही वेळ नव्हे, एवढं त्यांना कळलं. “चुकलंच,” ते म्हणाले. ती परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली होती. ते तिच्या मागे गेले.

टाकीपाशी प्लंबर केव्हाचा आला होता. त्याने तडा बुजवला, हात पुसले आणि मोठ्याने विचारलं, “झालं काम! पाणी सोडू का?”

रांग एक पाऊल पुढे सरकली.

“अहो, पाणी सोडू का?”

“हळू बोला,” टॉवेलवाल्यांपैकी कोणीतरी म्हणालं.

प्लंबरने आळीपाळीने सगळ्यांकडे बघितलं. चिडीचूप उभ्या असलेल्या त्या माणसांकडे, मग ती बघत होती त्या दिशेला, वर. त्याने पाना पिशवीत टाकला, पायातल्या ओल्या चपला बाजूला काढून ठेवल्या आणि चष्मेवाल्यांच्या मागे येऊन रांगेत उभा राहिला.